गाळा भाड्याने घेताय? सोडायचा खर्च आधी काढा, मग सही करा

दुकानासाठी गाळा बघायला गेलो की आपण काय विचारतो, भाडं किती, डिपॉझिट किती, पार्किंग आहे का, पाणी येतं का, समोरून माणसं किती जातात. ब्रोकर पण तेवढंच सांगतो. धंदा नाही चालला तर सोडताना किती जाणार हे कोणी काढतच नाही, कारण नारळ फोडायच्या आधी असलं अभद्र कशाला बोलायचं. पण भाड्यात हजार-दोन हजार कमी करून घेण्यापेक्षा सोडायच्या अटी नीट करून घेतल्या तर कितीतरी जास्त पैसे वाचतात, आणि त्या अटी सहीच्या आधीच मिळतात, एकदा डिपॉझिटचा चेक वटला की मग तुम्ही काका काका करत फिरा.

मी दुकानदारांचे जीएसटी आणि हिशोब बघतो, त्यामुळे गाळा सोडतानाची भांडणं आपोआप टेबलावर येतात. वकील नाहीये, रक्कम मोठी असेल तर ॲग्रीमेंट वकिलाकडून वाचून घ्याच. खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सबद्दल (म्हणजे जागा ठराविक मुदतीसाठी फक्त वापरायला द्यायचा करार), पुण्या-मुंबईकडचे बहुतेक छोटे गाळे आणि ऑफिसं त्याच्यावरच जातात.

पहिलं काम, कागदावर आकडा काढा

समजा कोथरूडला एक गाळा बघितला. भाडं ४५,०००, डिपॉझिट सहा महिन्यांचं म्हणजे २,७०,०००, मुदत ६० महिने, दर वर्षी ५ टक्के वाढ, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो) १८ महिने, नोटीस ३ महिने. फर्निचर, काच, लाईट, एसी, बोर्ड मिळून ८ लाख लागणार. हे आकडे मी समजवायला घेतलेत, तुमचे घाला.

आता असं धरा की आठव्या महिन्याच्या शेवटी लक्षात आलं की हे काही जमत नाही. लॉक-इनचे दहा महिने शिल्लक. त्यातले चार महिने जुन्या भाड्याने १,८०,००० आणि तेराव्या महिन्यापासून वाढीव ४७,२५० ने सहा महिने २,८३,५००, म्हणजे ४,६३,५००. वर नोटीस लॉक-इन संपल्यावरच देता येईल असं लिहिलेलं असेल तर अजून तीन महिने, १,४१,७५०. झाले ६,०५,२५०. डिपॉझिट सगळं गेलं तरी तुम्हीच ३,३५,२५० देणं लागता. जीएसटी अजून धरलाच नाही, मालक रजिस्टर्ड असेल तर भाड्यावर १८ टक्के असतोच, आणि मालक रजिस्टर्ड नसेल पण तुम्ही असाल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो रिव्हर्स चार्जने तुम्हाला भरायचाय (उलाढालीवर ठराविक टक्के भरणाऱ्या कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून सूट मिळाली). तुमचा माल किंवा सेवा जीएसटीतून माफ असेल, म्हणजे डॉक्टर वगैरे (कोचिंग क्लास यात येत नाही), तर या भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, पण मिळत नाही, सरळ खर्चच.

आणि फर्निचर. ८ लाखांचं फर्निचर सोडताना कोण किती देणार? एसीला गिऱ्हाईक मिळतं, बाकी मापाने बनवलेली रॅक आणि काउंटर दुसऱ्या गाळ्यात बसत नाहीत, प्लायवूड तर निघतानाच फुटतं. दीड लाख मिळाले तरी नशीब म्हणायचं. म्हणजे साडेसहा लाख तिथे गेले. एकूण साडेबारा लाखांचा खड्डा, आठ महिन्यांच्या दुकानाला.

हाच तक्ता महिना ४, ८, १२, १८, २४ असा करून ठेवा, मोबाईलवर एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. तो समोर असला की बोलणी करताना कुठे ताणायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे आपोआप कळतं. भाडं दोन हजार कमी झालं तर वार्षिक वाढ न धरता साठ महिन्यांत १,२०,००० वाचतात. त्याऐवजी लॉक-इनमध्ये सोडलं तर फक्त दोन महिन्यांचं भाडं द्यायचं एवढं एक वाक्य मिळालं तर वरच्या उदाहरणात ६,०५,२५० च्या जागी ९०,०००. बघा तुम्हीच कशासाठी भांडायचं ते. मी तर म्हणेन भाड्यात मालकाला हजारभर जास्त द्या आणि हे वाक्य घ्या, मालकांना महिन्याचा आकडा दिसतो, ते लगेच हो म्हणतात.

लॉक-इनचं बोलणं

लॉक-इनमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: किती महिने, कोणाला लागू, आणि मोडलं तर काय. ब्रोकर पहिलीच सांगतो.

नोटिशीचं तर तोंडी विचाराच. मालकाशी साधारण असं बोलणं होतं:

"काका, लॉक-इन अठरा महिने ना, मग पंधराव्या महिन्याला नोटीस दिली तर अठराव्याला चावी देऊ शकतो ना?"
"हो हो, अठरा म्हणजे अठरा."
"मग तसं लिहून घेऊ."
"अरे ते छापील असतं, सगळ्यांचं तेच आहे."

छापील काही नसतं. ब्रोकरकडे वर्डची एक फाईल असते आणि तीच सगळ्यांना जाते, मागच्या पार्टीचं नाव कधीकधी मधेच राहून गेलेलं असतं इतकी ती जुनी असते. "लॉक-इन कालावधी संपल्यानंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन" असं त्यात असेल तर तुमचे अठरा हे एकवीस झाले. त्याच्या जागी लिहून घ्या, "नोटीस लॉक-इन चालू असतानाही देता येईल आणि नोटिशीचा काळ लॉक-इनमध्ये धरला जाईल." काका तोंडी हो म्हणालेच आहेत, मग लिहायला हरकत नसावी.

मोडलं तर काय, याच्यात मालक उरलेलं सगळं भाडं मागतो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आतली वाजवी भरपाई देतं, म्हणजे मालकाने पुढच्याच महिन्यात दुसऱ्याला गाळा दिला तर त्याला दहा महिन्यांचं भाडं तुमच्याकडून मागायला तोंड नाही असा वाद घालता येतो. पण तो वाद कोर्टात, आणि डिपॉझिट मालकाच्या खात्यात. म्हणून हे कायद्यावर सोडू नका, ॲग्रीमेंटमध्येच दोन ओळी घाला. एक, भरपाईची कमाल रक्कम: पहिल्या सहा महिन्यांत सोडलं तर चार महिन्यांचं भाडं, नंतरच्या सहात तीन, त्यापुढे दोन, असं उतरतं ठेवलं तर मालकाला पण पटतं. दुसरी, "नवीन भाडेकरूचं भाडं ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवसापासून जुन्याची जबाबदारी संपेल." ही दुसरी ओळ मालक सहसा नाकारत नाही कारण नाकारायची म्हटली तर मला दोन्हीकडून भाडं हवंय असं उघड बोलावं लागतं.

लॉक-इन कोणाला लागू हे तर सगळ्यात जास्त निसटतं. छापील फाईलमध्ये लॉक-इन फक्त लायसन्सीला, म्हणजे तुम्हाला, असतं आणि मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही काढू शकतो. आठ लाखांचं फर्निचर तुमचं, आणि जरा रस्ता चालायला लागला की शेजारचा बँकवाला जास्त भाडं देतोय म्हणून मालक म्हणणार सोडा. गाळा सोडायची वेळ तुमच्याच मर्जीने येईल असं काही नसतं. म्हणून मालकाला पूर्ण मुदतभर लॉक-इन, अपवाद फक्त तुम्ही दोन महिने भाडं थकवलं आणि लेखी नोटीस मिळून पंधरा दिवसांत भरलं नाही तर किंवा बेकायदा काही धंदा केला तर.

मालक एवढा ताठ का असतो

हे समजून घेतलं की बोलणी सोपी होतात. घर लायसन्सवर दिलेलं असेल आणि मुदत संपून माणूस निघाला नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाडं पण मिळतं. हे फक्त राहत्या जागेला. गाळ्याला तो रस्ता नाही, मुंबईत लघुवाद न्यायालयात दावा लावायचा आणि बसायचं. जुन्या पागडीच्या भाडेकरूंनी पिढ्यान् पिढ्या दुकानं सोडली नाहीत हे बघून आजचे मालक शहाणे झालेत. त्याची खरी भीती तुम्ही लवकर जाल ही कमी आणि तुम्ही जाणारच नाही ही जास्त आहे. मग तिथे त्याला भरपूर द्या: मुदत संपल्यावर राहिलो तर रोजचा दुप्पट दर, मुदतीच्या साठ दिवस आधी रिनिव्हलचं हो-नाही लेखी कळवेन, नवीन पार्टीला गाळा दाखवायला दुकान चालू असताना येऊ देईन. तुम्ही तसेही वेळेत निघणार आहात, तुमचं काही जात नाही, आणि त्याच्या बदल्यात लॉक-इनवर मागा.

रजिस्ट्रेशन टाळू नका

अकरा महिन्यांचं करू, रजिस्टर नको, नोटरी पुरे, हे अजून ऐकायला मिळतं. अकरा महिन्यांची पद्धत आली ती रजिस्ट्रेशन ॲक्ट १९०८ मुळे, त्यात एक वर्षापेक्षा जास्तीची लीज रजिस्टर करायला लागते. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्याच कलमात हेही आहे की रजिस्टर्ड कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. ऐकायला छान वाटतं पण त्याच्या भरवशावर राहू नका, डिपॉझिट परत मागताना तुमच्याकडे दाखवायला कागदच नसतो.

(१ कोटी किंवा जास्त पेड-अप कॅपिटल असलेल्या कंपन्यांना, बँकांना, मल्टिनॅशनलना हा भाडे नियंत्रण कायदाच लागू नाही. छोट्या दुकानदाराला हे लागायचं नाही पण कंपनीच्या नावाने ऑफिस घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

खर्च पण बघा किती. वरच्या उदाहरणात पाच वर्षांचं वाढीसकट भाडं साधारण २९ लाख ८४ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून पाच वर्षांचे १ लाख ३५ हजार, एकूण ३१ लाख १९ हजारांच्या आसपास, त्याच्यावर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ७,८०० रुपये, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १,०००, बाकी एजंटचं काय ते. सहा लाखांचा वाद ज्या कागदावर ठरणार त्याला नऊ हजार. आणि ही स्टॅम्प ड्युटी वाचवायला भाडं कमी दाखवणं, किंवा अर्धं डिपॉझिट कॅश देणं, हे तर करूच नका. कॅशमध्ये गेलेलं डिपॉझिट ॲग्रीमेंटमध्ये दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सोडताना "कुठलं डिपॉझिट?" होतं. सगळं बँकेतून, आणि चेक नंबर किंवा यूटीआर (बँक ट्रान्सफरचा नंबर) ॲग्रीमेंटमध्ये.

लायसन्समध्ये तुमचा हात कुठे तोकडा पडतो

लीजमध्ये जागेवर तुमचा काही एक हक्क तयार होतो, लायसन्समध्ये तसा होत नाही, फक्त वापरायची परवानगी असते. ईझमेंट्स ॲक्ट १८८२ मधल्या दोन गोष्टी गाळा सोडण्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या. कलम ५९, मालकाने गाळा विकला तर नवीन मालक तुमच्या लायसन्सला बांधील नसतो. कलम ५६, लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्यावर उपाय म्हणजे अट घालायची की गाळा विकताना मालक खरेदीखतात नव्या मालकाला हे ॲग्रीमेंट पाळायला बांधून घेईल, आणि तसं झालं नाही तर तुमचं डिपॉझिट विक्रीच्या आधी परत मिळेल, शिवाय न वापरलेल्या काळाचा फर्निचरचा खर्च मालक देईल. तो कसा मोजायचा हेही लिहा: ८ लाख भागिले ६० महिने, महिन्याला १३,३३३ रुपये, जितके महिने उरले तितक्यांनी गुणायचं. फर्निचरची बिलं मात्र जपून ठेवायची, सुताराला कॅश देऊन वहीवर सही घेतली असेल तर हे गणित मालक मानणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. कारण दुकान बंद करण्याचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे ते बंद न करता चालू धंदा कोणालातरी देणं. सलून, क्लास, पोळी-भाजी केंद्र, मेडिकल, यांना चालू दुकान घेणारे मिळतात, फर्निचरचे बरे पैसे येतात, गुडविलचे पण थोडे. पण घेणारा विचारतो गाळ्याचं काय, आणि मालक म्हणतो त्याच्याशी नवीन ॲग्रीमेंट करेन, भाडं २० हजार जास्त, आणि सौदा तिथेच फिसकटतो. गुडविलचे पैसे जे तुम्हाला मिळणार होते ते भाडं वाढवून मालकाने घेतले, इतकं सरळ आहे ते. म्हणून आधीच लिहून घ्या, "लायसन्सी आपला धंदा त्याच प्रकारच्या दुसऱ्या व्यक्तीला देऊ इच्छित असल्यास मालक उरलेल्या मुदतीसाठी त्याच भाड्याने व त्याच अटींवर नवीन व्यक्तीबरोबर करार करील, योग्य कारणाशिवाय नकार देणार नाही, आणि उत्तर १५ दिवसांत लेखी देईल." मालक अडला तर त्याला एक महिन्याचं भाडं ट्रान्सफर फी म्हणून देऊ करा. त्याचा ब्रोकरेजचा आणि गाळा रिकामा राहायचा खर्च वाचतोच, वर हे पैसे, बहुतेक जण तयार होतात.

भागीदारीत घेत असाल तर भागीदार बदलला किंवा प्रोप्रायटरचं पुढे एलएलपी किंवा कंपनी झाली तर ते हस्तांतर धरायचं नाही हे पण एका ओळीत टाकून द्या. एलएलपीच्या नावाने घेतलं की तुमची स्वतःची मालमत्ता मोकळी राहते म्हणतात, पण मालक पर्सनल गॅरंटी मागतोच, ती द्यावी लागली तर पहिल्या बारा महिन्यांपुरती आणि ठराविक रकमेपर्यंत द्या.

तुमची चूक नसताना सोडायला लागलं तर

इथे लॉक-इन लागू नाही आणि पूर्ण डिपॉझिट परत, अशा प्रसंगांची यादी ॲग्रीमेंटमध्ये असलीच पाहिजे. आपल्याकडे खरोखर घडणारे प्रसंग असे. परवाना मिळाला नाही: अन्न परवाना, फायर एनओसी, सोसायटीची एनओसी, नाहीतर थ्री फेज लाईटचा लोड मंजूर झाला नाही. हॉटेलवाल्यांना तर चिमणीचा पाईप कुठून न्यायचा यावर सोसायटी अडवते, आणि भाडं मात्र पहिल्या तारखेपासून सुरू झालेलं असतं. म्हणून भाडं सुरू व्हायची तारीख परवान्यांना बांधा आणि ६० दिवसांत नाही मिळाले तर करार आपोआप रद्द.

मग महापालिका. पुढचा पत्रा, साईड मार्जिनमधलं किचन, परवानगी नसलेला पोटमाळा, हे सगळं मालक "वापरा हो बिनधास्त" म्हणून देतो आणि भाडं त्याच्यासकट लावतो. अतिक्रमणवाले येऊन पाडून गेले की तुमची निम्मी जागा गेली. मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र बघितल्याशिवाय क्षेत्रफळ मानू नका, आणि मालकाच्या बांधकामामुळे नोटीस, सील किंवा पाडकाम झालं तर तुम्ही विनादंड निघू शकाल असं लिहा.

रिडेव्हलपमेंट आता जुन्या सोसायट्यांत घरोघरी आहे. बिल्डरचं बोलणं मालकाशी, नवीन गाळा मालकाला, मधल्या काळाचं भाडं मालकाला, लायसन्सवर बसलेल्या दुकानदाराला काही नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच गाठून विचारा की कुठल्या मीटिंगमध्ये विषय निघालाय का, मालक सांगणार नाही. गाळ्यावर बँकेचं कर्ज आहे का हेही विचारा, असेल तर बँकेची एनओसी मागा, मालकाने हप्ते थकवले आणि बँक सरफेसी कायद्याखाली ताबा घ्यायला आली तर तुम्ही तिथे काहीच नसता.

रस्ता आणि मेट्रोचं काम. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, पत्र्यांच्या मागे दुकान आहे हेच गिऱ्हाइकाला दिसत नाही. "दुकानासमोरचा रस्ता सलग ४५ दिवसांपेक्षा जास्त बंद किंवा बॅरिकेड झाला तर त्या काळात भाडं निम्मं, आणि १२० दिवस झाले तर विनादंड सोडण्याची मुभा." मालक हसेल, तरी मागा.

लॉकडाऊन पण लिहा. २५ मार्च २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा बऱ्याच दुकानदारांना वाटलं की दुकानच बंद तर भाडं कसलं. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने मे २०२० मध्ये भाडं थांबवायला नकार दिला, करारात तशी अट आहे का हे आधी बघायचं असं सांगितलं. जागा वापरता येत नाही म्हणून करार आपोआप मोडला, हे कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ५६ चं म्हणणं लीजला लावता येत नाही हे तर सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा सरकारी आदेशाने दुकान बंद राहिलं तर त्या दिवसांचं भाडं किती, आणि ६० दिवसांवर गेलं तर सोडायची मुभा, हे आकड्यात लिहा. नुसतं "फोर्स मेजर" (हाताबाहेरची आपत्ती) असा शब्द टाकून काही होत नाही, त्यात आग-पूर-भूकंप एवढंच लिहिलेलं असतं.

मूळ स्थितीत म्हणजे कुठल्या

सगळ्यात फालतू वाटणारं पण सगळ्यात जास्त पैसे कापणारं वाक्य हे: "गाळा मूळ स्थितीत परत करावा." एका सलूनवाल्याचं सांगतो. गाळा घेतला तेव्हा साधी शहाबादी फरशी, जागोजागी फुटलेली, याने वरून व्हिट्रिफाईड टाईल टाकल्या, वॉश स्टेशनसाठी पाण्याची लाईन आणि ड्रेनेज काढलं. सोडताना मालक म्हणाला मूळ स्थितीत द्या, टाईल काढा, लाईन बुजवा, आणि काढताना खालची शहाबादी फुटली म्हणून ती पण नवीन टाका. डिपॉझिटमधून ८५,००० कापले. पुढचा भाडेकरू कोण आला तर दुसरा सलूनवाला, त्याला त्याच टाईल नि तीच लाईन हवी होती.

ॲग्रीमेंटमध्ये "नेहमीची झीज वगळून, जशी असेल तशी" असं घ्या. मालक ऐकत नसेल तर परिशिष्ट जोडा, काय काढून न्यायचं (एसी, इन्व्हर्टर, बोर्ड, काचेचा दरवाजा, सीसीटीव्ही, चिमणी, रॅक) आणि काय तसंच सोडायचं (फरशी, वायरिंग, फॉल्स सिलिंग, नळाच्या लाईनी). ताबा घ्यायच्या दिवशी व्हिडीओ काढा, शटर वर करण्यापासून संडासाच्या फ्लशपर्यंत, भिंतीवरची ओल, मीटरचं रीडिंग, आणि तो व्हिडीओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा, "काका आज ताबा मिळाला, गाळ्याची आजची स्थिती" असं लिहून. भांडण नसताना पाठवलेला मेसेज पुढे फार कामाला येतो.

डिपॉझिटची अट

"डिपॉझिट गाळा रिकामा केल्यावर तीस दिवसांत परत" हे घेऊ नका. चावी दिली की तुमच्या हातात काही उरत नाही. हवी ती अट अशी: ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी, आणि मालकाने त्या दिवशी पैसे दिले नाहीत तर पैसे मिळेपर्यंत लायसन्सी भाडं न देता गाळ्याचा ताबा ठेवू शकेल, शिवाय रकमेवर वर्षाला १८ टक्के व्याज. मुंबईच्या ॲग्रीमेंटमध्ये ही अट सर्रास असते, तेव्हा जगावेगळं काही मागतोय असं वाटून घेऊ नका. शेवटचं लाईट बिल महिनाभराने येतं म्हणून मालकाला धास्ती असते, त्यासाठी मागच्या तीन बिलांच्या सरासरीएवढी रक्कम राखून ठेवू द्या, तेवढीच.

शेवटचे महिने भाडं न भरता डिपॉझिटमधून वळते करून घ्या असं बरेच जण करतात. चालतं, पण ॲग्रीमेंटमध्ये तसं लिहिलेलं असेल तर, नाहीतर भाडं थकवलं म्हणून मालक उलटतो आणि सगळ्या अटी तुमच्यावर येतात. नोटिशीच्या तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होईल एवढं मालकाकडून कबूल करून घेतलं तर अर्धी लढाई तिथेच संपते, कारण सहा महिन्यांच्या डिपॉझिटमधलं निम्मं तुम्ही आत असतानाच वसूल झालेलं असतं.

सोडायच्या वेळी

नोटीस लेखी, आणि ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा जुन्या ॲग्रीमेंटमध्ये "रजिस्टर ए.डी." लिहिलेलं असलं तर स्पीड पोस्ट पोचपावतीसकट पाठवा आणि जोडीला ईमेल. नवीन ॲग्रीमेंट करत असाल तर ईमेल आणि व्हॉट्सॲपची नोटीस चालेल असं आत्ताच लिहून टाका, मालक अमेरिकेत मुलाकडे सहा महिने असतो आणि पोस्टमन दाराला कुलूप बघून परत येतो हे नेहमीचं आहे. गाळा दोन भावांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांना.

ताब्याच्या दिवशी एक ताबा पावती करायची, अर्ध्या पानाची. तारीख, मीटर रीडिंग, किती चाव्या दिल्या, डिपॉझिट किती मिळालं आणि कशाने, आणि "दोन्ही बाजूंचं एकमेकांकडे काही येणं-देणं राहिलेलं नाही". मुदतीच्या आधी सोडत असाल तर त्यातच करार कुठल्या तारखेला संपला हेही लिहा, नाहीतर रजिस्टर्ड कागदावर अजून तीन वर्षं तुम्हीच दिसत राहता. सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्याकडे असेल तर नो ड्यूज घ्या.

पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर ते मोजून परत घ्या. घेताना चेक नंबर ॲग्रीमेंटमध्ये लिहायचे ते याच्यासाठी. ताबा दिल्यावर सहा महिन्यांनी एखादा राहिलेला चेक बँकेत पडला आणि बाऊन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची नोटीस येते, मग त्याला उत्तर देत बसा. बँकेत ऑटो डेबिट लावलं असेल तर ते बंद करा.

जीएसटीवर त्या पत्त्याचा बदल १५ दिवसांत टाका, धंदाच बंद करत असाल तर रजिस्ट्रेशन रद्द करायचा अर्ज. शॉप ॲक्ट, अन्न परवाना, उद्यम, गुगल मॅपवरचा पत्ता, हे पण. मालक याच्यासाठी मागे लागतो कारण नवीन भाडेकरूला त्याच पत्त्यावर जीएसटी काढताना प्रश्न येतात, आणि डिपॉझिट अजून अडकलेलं असेल तर हे काम हातात ठेवून बोलायला हरकत नाही, फक्त १५ दिवसांची मुदत चुकवू नका, दंड लागला तर तुम्हालाच.

आणि एवढं करून पण मालकाने डिपॉझिट दाबून ठेवलंच तर "आज देतो उद्या देतो" यात वर्षं घालवू नका, पैसे वसूल करायच्या दाव्याला लिमिटेशन तीन वर्षांचं आहे. दोन महिने वाट बघा, मग वकिलाकडून नोटीस.